शेगडी आत आणायची नाही

१५ फेब्रुवारी २०२१, सोमवार. ह्यूस्टनमध्ये सकाळचे नऊ वाजलेले, म्हणजे साताऱ्यात रात्रीचे साडेआठ. आमची लाईट गेलेली मध्यरात्रीनंतर कधीतरी. बाहेर उणे ८ अंशांच्या आसपास, घरात श्वासाची वाफ दिसायला लागलेली. मी आणि माझी रूममेट दोन दोन जाकिटं घालून एकाच कॉटवर, आणि फोनची बॅटरी ३१ टक्के. तरीही आईला फोन लावला, कारण बातम्या तिकडेही पोचल्या होत्या आणि न लावता तर तिनेच पन्नास वेळा लावला असता.

सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "अगं मग एवढी काय कुडकुडतेस? बाल्कनीत ती कोळशाची पिशवी आहे ना, उन्हाळ्यात कणसं भाजायला आणलेली? शेगडी पेटव की. आधी बाहेरच पेटव, धूर जाऊ दे, निखारे चांगले लाल झाले की आत घे. आजी तुझी तेच करायची."

सल्ला चुकीचा वाटावा असं त्यात काहीच नव्हतं. आजी खरंच तेच करायची. लहानपणी मी स्वतः दारात बसून पुठ्ठ्याने वारा घातलाय. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून त्यावर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची पद्धत तुमच्यापैकी अनेकांच्या आयांनी स्वतः अनुभवलेली असेल. मी बाल्कनीत गेले, छोटं लोखंडी ग्रिल उचललं, पिशवी उचलली. पिशवीवर एक चित्र होतं: घर, तंबू आणि गाडी, त्यांत ग्रिल, आणि त्यावर बंदीची खूण. खाली इंग्रजीत दोन ओळी. इंग्रजी मला येतं, पण ती पिशवी आठ महिने घरात असून मी त्या ओळी कधी वाचल्या नव्हत्या. त्या दिवशी वाचल्या. ग्रिल परत बाल्कनीत ठेवलं आणि आम्ही दोघी पुन्हा गोधडीत शिरलो.

त्या आठवड्यात टेक्ससमध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेमुळे १४०० पेक्षा जास्त लोक दवाखान्यांत पोचले. राज्य सरकारच्या अंतिम मोजणीनुसार वादळाने २४६ माणसं गेली. त्यातली १६१ थंडीने गारठून, आणि १९ या वायूने. म्हणजे गारठ्यापासून वाचायला जे केलं त्याने.

आईचा सल्ला साताऱ्यात बरोबर आणि ह्यूस्टनमध्ये जीवघेणा, असं का झालं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या, ऊर्जेची राजधानी म्हणवणाऱ्या शहरातल्या घरात दुसरी चूल का नव्हती? पॉडकास्टच्या भागात हे आम्ही वरवर बोललो होतो. इथे जरा बैजवार सांगते.

आधी आजीचं घर. १९७० च्या दशकातल्या मध्यमवर्गीय मराठी घरात ऊर्जा एका ठिकाणाहून येत नसे. अंघोळीच्या पाण्याला बंब, त्यात लाकडाच्या ढलप्या नाहीतर कोळसा. स्वयंपाकाला शेगडी, कुठे भुशाची शेगडी, घाईच्या चहाला रॉकेलचा स्टोव्ह. उजेडाला बल्ब होता, पण कोनाड्यात कंदील आणि चिमणीही असायची, काच राखेने पुसून तयार. लग्नकार्याला गॅसबत्ती. म्हणजे वीज गेली तर उजेड जायचा, चहा नाही. रॉकेल संपलं तर स्टोव्ह बंद, पण शेगडी चालू. याला कोणी 'बॅकअप' म्हणत नव्हतं. एकाच गोष्टीवर विसंबण्याइतका भरवसा कशावरच नव्हता, एवढंच.

पंपाचा स्टोव्ह ही या गोष्टीतली माझी आवडती वस्तू. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२ मध्ये 'प्रायमस' काढला. रॉकेल दाबाखाली वर ढकलायचं, तापलेल्या नळीत त्याची वाफ करायची आणि वाफ जाळायची. वात नाही, म्हणून काजळी जवळपास नाही. ही स्वीडिश वस्तू आपल्या स्वयंपाकघरात इतकी मुरली की काकडा लावणं, पिन करणं, पंप मारणं ही सगळी क्रियापदं मराठी झाली. पुढे १९७० च्या दशकात इंडियन ऑइलने वातीचा 'नूतन' स्टोव्ह आणला, कमी रॉकेलमध्ये जास्त आच देणारा. मुंबईत बाटलीतला गॅस १९५५ मध्येच बर्मा शेलने 'बर्शेन' नावाने आणलेला, पण बहुतेक घरांत तो पोचायला आणखी दोनतीन दशकं गेली. आणि गॅस आल्यावरही स्टोव्ह माळ्यावर गेला, भंगारात नाही. सिलिंडर संपला आणि नंबर लागायला वेळ आहे म्हटल्यावर तो खाली यायचा.

मला हे गोड गोड करून सांगायचं नाही. त्या धुराने बायकांची फुप्फुसं खाल्ली. 'स्टोव्हचा भडका उडून' या तीन शब्दांमागे त्या काळच्या वर्तमानपत्रांत किती खून लपले, ते तुम्हाला माहीत नसेल तर आईला विचारा. एकापेक्षा जास्त चुली असणं म्हणजे सुख नव्हतं.

पण शेगडीने आजीचं घर रात्रीत का मारलं नाही? कोळसा पूर्ण जळायला भरपूर हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, फ्लू आल्यासारखं वाटतं, झोप येते. वास नाही, रंग नाही. आणि खरी मेख अशी की 'धूर गेला, निखारे लाल झाले' या क्षणी हा वायू थांबत नाही, उलट जोरात चालू असतो. डोळ्यांना झोंबणारा धूर गेला म्हणजे विष गेलं, हा आपला समज चूक होता. आपण वाचलो ते समजामुळे नाही, घरामुळे. मंगलोरी कौलांच्या फटी, भिंतीच्या वरच्या बाजूचे झरोके, फळ्या वाकलेली दारं, स्वयंपाकघराला लागून मोरी आणि मोरीला उघडं तोंड. घर गळकं होतं. थंडीही साताऱ्याचीच, दारं बंद करून चिंध्या कोंबाव्यात अशी नव्हे.

आता टेक्ससचं घर.

अमेरिकेत १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने 'लिव्ह बेटर इलेक्ट्रिकली' नावाची मोहीम सुरू केली, शेकडो वीज कंपन्या तिच्या पाठीशी. रोनाल्ड रीगन तेव्हा राजकारणी नव्हते, जीईच्या टीव्ही कार्यक्रमाचे सूत्रधार होते, आणि त्यांचं सगळं काही विजेवर चालणारं घर टीव्हीवर दाखवलं जायचं. १९५७ पासून संपूर्ण विद्युत घरांना 'गोल्ड मेडॅलियन' मिळू लागलं. दाराशी लावायचा सोनेरी बिल्ला. अजूनही काही जुन्या घरांच्या दारांवर तो दिसतो. म्हणजे एकाच तारेवर सगळं घर असणं ही हलगर्जी नव्हती. ते मिरवायचं पदक होतं.

टेक्ससमध्ये याला एसीची जोड मिळाली. एसीशिवाय ह्यूस्टन आजचं ह्यूस्टन झालंच नसतं. थंडावा देणारी नळ्यांची जाळी घरभर असतेच, मग हिवाळ्याचे चार थंड दिवस त्याच जाळीतून गरम हवा सोडणं बिल्डरला स्वस्त पडतं. आज टेक्ससमधली सुमारे ६० टक्के घरं विजेवर तापतात. त्यातल्या हीट पंपांची एक खोड आहे. बाहेर फारच थंडी पडली की पंप दमतो आणि आतल्या तारा टोस्टरसारख्या लाल होऊन मदतीला येतात, विजेचा खप एकदम कितीतरी वाढवून. म्हणजे थंडी जितकी जास्त तितकी घरं जास्त वीज ओढणार, सगळी एकाच वेळी.

"आमच्याकडे गॅसची भट्टी होती, आम्ही सुटलो" असं म्हणणारेही सुटले नाहीत. गॅस येत होता, पण भट्टी पेटवायला आणि गरम हवा ढकलणारा पंखा फिरवायला वीज लागते. गॅसचा स्टोव्ह काडीने पेटवता येतो, एवढाच दिलासा. (त्या स्टोव्हवर खोली तापवायचा प्रयत्न अनेकांनी केला. तोही धोक्याचाच.)

आणि ही घरं घट्ट. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत इमारतींचे नियम बदलत गेले. इन्शुलेशन वाढलं, खिडक्यांना दुहेरी काचा आल्या, फटी बुजल्या. ऊर्जा वाचली हे खरंच. पण आजीच्या घराचा जो गळकेपणा तिला नकळत वाचवत होता, तो इथे मुद्दाम, पैसे खर्चून काढून टाकलेला. अशा खोलीत निखाऱ्याची शेगडी म्हणजे बरणीत कोंडलेली आग.

आता तारेच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ. टेक्ससचं ग्रिड वेगळं आहे हे तुम्ही ऐकलं असेल. कारण असं सांगतात की १९३५ च्या फेडरल पॉवर अ‍ॅक्टने राज्याराज्यांतल्या वीजव्यवहारावर केंद्राचं नियंत्रण आणलं, आणि टेक्ससच्या कंपन्यांनी ठरवलं की आपली वीज राज्याची सीमा ओलांडणारच नाही, मग नियंत्रणाचा प्रश्नच नाही. ते बरोबर आहे. पण त्यातला एक प्रसंग फार जणांना माहीत नाही. ४ मे १९७६ च्या रात्री एका कंपनीने टेक्ससच्या व्हर्ननहून ओक्लाहोमातल्या अल्टसकडे गुपचूप तार जोडली. तिच्या उपकंपन्या दोन्ही राज्यांत होत्या आणि कायद्यासाठी तिला त्या जोडलेल्या दाखवायच्या होत्या. काही तास टेक्ससची वीज 'आंतरराज्य' झाली. कळल्याबरोबर ह्यूस्टन आणि डॅलसच्या मोठ्या कंपन्यांनी आपापले जोड तोडून स्वतःला बाजूला काढलं. याला 'मिडनाइट कनेक्शन' म्हणतात. पुढे अनेक वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या आणि तडजोड निघाली ती अशी की काही मोजके, लहान डीसी जोड ठेवायचे, पण केंद्राचं नियंत्रण येणार नाही. २०२१ मध्ये शेजारच्या राज्यांतून फार वीज आणता आली नाही, याचं एक मूळ त्या मध्यरात्रीच्या भांडणात आहे. एक मूळ, एकमेव नाही. शेजारीही गारठले होतेच.

मोठं कारण साधं होतं. यंत्रं गोठली. फेब्रुवारी २०११ मध्येही गोठली होती, तेव्हाही टेक्ससमध्ये वीज कापावी लागली होती. त्याच वर्षी केंद्रीय यंत्रणांचा अहवाल आला: संयंत्रांना थंडीपासून झाकून घ्या, नळ्यांना ऊब द्या. सक्ती कुणी केली नाही. राज्याच्या पश्चिम टोकाला असलेलं एल पासो टेक्ससच्या ग्रिडवर नाही. २०११ च्या फटक्यानंतर तिथल्या कंपनीने पैसे घालून तयारी केली, आणि २०२१ मध्ये तिथले दिवे बहुतांशी चालू राहिले. हे वाचलं तेव्हा मला जितका राग आला तितका वादळाचा आला नव्हता.

१४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी टेक्ससने हिवाळ्यातल्या मागणीचा विक्रम केला, ६९ हजार मेगावॅटहून थोडी जास्त. मध्यरात्रीनंतर एकेक संयंत्र पडू लागलं. ग्रिडची नाडी म्हणजे वारंवारता, इथे ६० हर्ट्झ. ती ५९.४ च्या खाली गेली. त्या पातळीखाली नऊ मिनिटं काढली असती तर उरलेली संयंत्रंही स्वतःला वाचवायला आपोआप सुटी झाली असती, आणि सगळं राज्य अंधारात गेल्यावर ते पुन्हा उभं करायला आठवडे, कदाचित महिने लागले असते. नाडी ४ मिनिटं २३ सेकंद खाली होती. म्हणजे उरलेली ४ मिनिटं ३७ सेकंद. तेवढ्यात नियंत्रण कक्षाने भराभर भार कापला, सर्वांत वाईट वेळी २० हजार मेगावॅट. ४५ लाखांहून अधिक घरं आणि दुकानं अंधारात गेली. त्यातलं एक आमचं. आमची लाईट घालवली म्हणून ग्रिड वाचलं, हे नंतर कळलं. त्या रात्री कुणी सांगितलं असतं तरी ऊब आली नसती.

एक तपशील मुद्दाम सांगते, कारण तो घरालाही लागू पडतो. वीज कापताना काही गॅसक्षेत्रांची वीजही कापली गेली. गॅस पुढे ढकलणारे कॉम्प्रेसर विजेवर चालत होते, आणि 'आम्हाला कापू नका' असा अर्ज त्यांच्या मालकांनी भरलेला नव्हता. गॅस कमी झाला म्हणून वीजनिर्मिती कमी, वीज कमी म्हणून गॅस आणखी कमी. वर्षअखेरच्या चौकशी अहवालात १०४५ निर्मिती संच बंद पडल्याची किंवा अडखळल्याची नोंद आहे. पुढे टेक्ससने कायदा करून संयंत्रांना थंडीची तयारी बंधनकारक केली.

"फिरती कपात" असं नाव होतं, पण ती फिरलीच नाही. इस्पितळं आणि अत्यावश्यक सेवा ज्या फीडरांवर होत्या ते चालू ठेवावे लागले. बाकीचे जे उरले ते सगळेच बंद. कुणाला तीन दिवस वीज नाही, आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीत झुंबरं चालू. पाणीही गेलं. नळ फुटले, आणि सुमारे दीड कोटी लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं गेलं. कशावर उकळायचं, ते त्या सूचनेत नव्हतं.

इथे मला आपलं लोडशेडिंग आठवलं. साधारण २००५ पासून पुढची सातआठ वर्षं महाराष्ट्रात ते जोरात होतं, गावाकडे दिवसाला बारा बारा तास. फीडरवर वीजगळती आणि थकबाकी किती, त्यावरून गट ठरायचे. हा न्याय की शिक्षा यावर वेगळा एपिसोड होईल. पण त्याला वेळापत्रक होतं. पेपरात छापून यायचं. आई सकाळी त्याप्रमाणे मिक्सर लावायची, पाणी चढवायची, माझ्या मोठ्या भावाचा बारावीचा अभ्यास त्याप्रमाणे हलायचा. आणि घरोघरी हॉलच्या कोपऱ्यात एक नवा पाहुणा आला: इन्व्हर्टर, त्याखाली ट्यूब्युलर बॅटरी, तिला महिन्या दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर पाजायचं. दोन पंखे, तीन दिवे, टीव्ही. स्वयंपाक गॅसवर, म्हणून त्याची चिंता नाही. रोजचा त्रास होता म्हणून रोजची सवय होती. टेक्ससमध्ये वर्षानुवर्षं वीज जात नाही, म्हणून मेणबत्ती कुठे आहे तेही ठाऊक नसतं. चांगलं ग्रिड माणसाला आळशी करतं असं मी म्हणणार नाही. पण विसराळू नक्की करतं.

कोळशाच्या पिशवीवरच्या चित्राकडे परत येते, कारण त्याचा इतिहास आपल्यासारख्यांचा आहे. जानेवारी १९९३ मध्ये सिअ‍ॅटल परिसरात मोठं वादळ होऊन लाखो घरांची वीज गेली. तिथल्या डॉक्टरांनी नंतर विषबाधेच्या केसेस तपासल्या. निम्म्याहून जास्त लोकांना बाधा झाली होती ती घरात पेटवलेल्या कोळशाने, जनरेटरचा नंबर त्यानंतर. आणि कोळशाने बाधा झालेल्यांत बहुतेक जण अल्पसंख्य समाजांतले, अनेकांना इंग्रजी न येणारे. इशारा पिशवीवर होता, पण शब्दांत. १९९६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने नियम बदलला आणि शब्दांबरोबर चित्र सक्तीचं केलं. डिसेंबर २००६ मध्ये तसंच वादळ पुन्हा आलं, आणि पुन्हा तेच झालं. तेव्हा सिअ‍ॅटल टाइम्सने पहिल्या पानावर इशारा छापला, वेगवेगळ्या भाषांत, व्हिएतनामी आणि सोमालीसुद्धा.

हे वाचताना मला ते लोक मूर्ख वाटले नाहीत. ते माझ्या आईसारखे वाटले. त्यांच्याकडे ज्ञान होतं, पिढ्यांचं, पण दुसऱ्या घराचं.

वासाचीही एक टेक्सन कथा आहे. १८ मार्च १९३७ रोजी पूर्व टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गॅसगळतीचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलं. नैसर्गिक गॅसला वास नसतो, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंधी मिसळायचा कायदा झाला. घरात गॅस सुटला की आपण नाक मुरडतो, ते त्या मुलांमुळे. कार्बन मोनॉक्साइडमध्ये मात्र वास मिसळता येत नाही, कारण तो कुठल्या कारखान्यातून येत नाही, आपणच तयार करतो. त्याला नाक म्हणजे फक्त गजर. आणि २०२१ मध्ये टेक्ससमध्ये घरोघरी तो गजर लावायची राज्यव्यापी सक्ती नव्हती.

सक्तीवरून क्यूबेक आठवतं. जानेवारी १९९८ मध्ये तिथे, ओंटारिओच्या पूर्वेला आणि अमेरिकेच्या ईशान्येला गोठणारा पाऊस पाच सहा दिवस पडत राहिला. तारांवर बर्फाचा थर चढला, विजेचे मोठे मनोरे एकामागून एक वाकले. चाळीस लाखांच्या वर लोक अंधारात, काही भागांत महिनाभर. कॅनडाने सुमारे १५ हजार सैनिक उतरवले. क्यूबेकमध्ये जलविद्युत स्वस्त, म्हणून घरं विजेवर तापवायची सवय मोठी, म्हणजे टेक्सससारखीच अडचण. ज्यांच्याकडे लाकडाचा स्टोव्ह होता त्यांच्याकडे शेजारीपाजारी राहायला गेले. पुढे मॉन्ट्रियलला त्याच स्टोव्हच्या धुराचा त्रास व्हायला लागला, आणि २०१८ पासून शहराने जास्त धूर सोडणाऱ्या स्टोव्हांवर बंदी घातली. पण नियमात एक खिडकी ठेवली: वीज तीन तासांहून जास्त गेली तर पेटवायला परवानगी. रोजच्यासाठी नको, पण उखडूनही टाकू नका. आजीचा माळ्यावरचा स्टोव्ह तो हाच. फक्त तो धुराड्याला जोडलेला असतो, हा फरक विसरायचा नाही.

आता माझ्याकडे काय आहे, ते विचाराल. भागानंतर अनेकांनी तेच विचारलं. फार काही नाही, अपार्टमेंटमध्ये राहते. सर्वांत आधी घेतला तो बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा गजर, झोपायच्या खोलीजवळ. मग एक लिथियमचं पॉवर स्टेशन, साधारण एक युनिट वीज साठवणारं. त्यावर १५०० वॅटचा हीटर लावला तर चाळीस मिनिटांत संपेल. त्याच विजेवर १०० वॅटचं विजेचं पांघरूण आठनऊ तास चालतं. हा हिशेब मला २०२१ मध्ये कुणी सांगायला हवा होता: खोली तापवायची नाही, माणूस तापवायचं. एक खोली निवडायची, दाराखाली टॉवेल, कपडे थरावर थर, सगळ्यांनी तिथेच झोपायचं. घरात काहीही जळत नसेल तरच टॉवेल कोंबायचा.

स्वयंपाकाला ब्युटेनची एका बर्नरची शेगडी आहे (मी तिला शेगडीच म्हणते), ती बाल्कनीत, उघड्यावर. पण खरा बॅकअप आपल्या डब्यांत आहे. दडपे पोहे पेटवल्याशिवाय होतात. सातूचं पीठ गूळपाण्यात कालवलं की झालं. मेतकूट, भडंग, लाह्या, शेंगदाण्याची चटणी. बिनचुलीचं खाणं आपल्याकडे प्रवासासाठी आणि उपासासाठी होतं, ते इथे वादळासाठी उपयोगी पडतं. फ्रिज न उघडता चार तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस. घर असलेल्या मित्रांनी जनरेटर घेतलेत. त्यांना एवढंच सांगते की तो गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही, खिडक्यांपासून निदान २० फूट लांब. आणि भिंतीच्या सॉकेटात उलटी वीज सोडायची नाही. ती तारेवरून बाहेर जाते आणि खांबावर चढलेल्या माणसाला लागते.

८ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ ह्यूस्टनवरून गेलं आणि २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. या वेळी प्रश्न उकाड्याचा. आई तेव्हा इकडे आलेली होती. दुसऱ्या रात्री अडीच वाजता गजर किंचाळायला लागला. आमच्याकडे काहीच पेटलेलं नव्हतं. आम्ही दार उघडून जिन्यात आलो तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने जनरेटर त्याच्या पॅटिओवर, बरोबर आमच्या खिडकीखाली लावलेला, आणि उकाड्याने आमच्या खिडक्या सताड उघड्या. मी त्याचं दार बडवलं. तो बऱ्याच वेळाने उघडायला आला, डोकं धरून, म्हणाला दुपारपासून मळमळतंय, बायकोलाही. त्यांच्याकडे गजर नव्हता. जनरेटर बंद केला, त्यांना दोघांना पार्किंगमध्ये मोकळ्या हवेत बसवलं, ९११ ला फोन केला.

अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत आई त्या बाईशेजारी बसून तिला पुठ्ठ्याने वारा घालत होती. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. दोघं दुसऱ्या दिवशी घरी परत आली. आईने साताऱ्याला जाताना आमच्याकडचा दुसरा गजर बॅगेत टाकला. मी म्हटलं, तिथे कशाला, खिडक्या उघड्या असतात. ती म्हणाली, "आता नाही गं. यंदा स्लायडिंगच्या बसवल्यात, आणि बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे."